चिकटपट्टीने बंद केलेली खोली

गाव सोडलं त्या सकाळी अम्मीने घराला कुलूप लावलं, किल्ली मामूंच्या हातात दिली आणि वळूनही न बघता रिक्षात बसली. मी मात्र मान दुखेपर्यंत मागे बघत होते. अब्बांनी कुवेतहून फोनवर बजावलं होतं, "काय आणू नको, इथं सगळं मिळतं." तेवढ्याने ऐकेल ती अम्मी कसली! मामूंनी दिलेलं सुक्या बोंबलांचं गाठोडं तिने साड्यांखाली दडपलं आणि रत्नागिरीचा अर्धा बाजार आमच्याबरोबर विमानात चढला.

अब्बा कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात शिंप्याच्या दुकानात होते. अरबांचे पायघोळ दिशदाशे शिवायचे. माझ्या जन्माआधीपासून तिकडेच. माझ्यासाठी अब्बा म्हणजे दोन वर्षांनी एकदा येणारी, साबणाच्या वासाची बॅग. आता ते रोज समोर दिसायचे आणि मला त्यांच्याशी काय बोलायचं तेच सुचायचं नाही. काही हवं असलं की मी अम्मीच्या कानात सांगायचे, अम्मी त्यांना. रडू यायचं ते गावाच्या आठवणीने. माझी समजूत काढायला ते खिसे भरून चॉकलेटं आणायचे, बिचारे.

तशात २००३ चं युद्ध आलं. इराकवर बॉम्ब पडणार आणि तिकडून आमच्यावर क्षेपणास्त्रं सुटणार, असं जो तो बोलत होता. अब्बांनी अम्मीची आणि माझी परतीची तिकिटं काढली. त्यांचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, अडकलेला. त्यांना निघता येणार नव्हतं. गावी जायचं म्हटल्यावर मी खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. पण मी अम्मीच्या कानात विचारलं, "आणि अब्बा?"

विषारी वायू येईल म्हणून अब्बांनी आतली खोली बंद करायला घेतली. खिडकीचं माप टेपने घेतलं, प्लास्टिक कापलं ते चार बोटं मार्जिन सोडून, जसं काही खिडकीला दिशदाशा शिवायचा होता. कडेने चिकटपट्टी इतकी मन लावून बसवली की मुंगी शिरायची नाही. अम्मीने पाण्याचे कॅन, तांदूळ, डाळ, होतं नव्हतं ते सगळं त्या खोलीत रचलं.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही जेवत असताना सायरन वाजला. उष्ट्या हातांनीच आत पळालो. अब्बांनी दाराच्या फटीला पट्टी लावली. समुद्राच्या बाजूने असा आवाज आला की जमीन पायाखालून ओढल्यासारखी वाटली. आणि थोड्याच वेळात खोलीत वास सुटला. उग्र, डोक्यात जाणारा.

"या अल्ला, गॅस आला!" अम्मीने ओला टॉवेल माझ्या तोंडावर दाबला आणि मला पोटाशी धरून खाली बसली. मी मरणार, अशी माझी खात्रीच झाली. अब्बा गुडघ्यांवर रांगत चिकटपट्टी कडेकडेने हुंगत निघाले. कोपऱ्यातल्या डाळीच्या डब्यांपाशी थांबले. डबा सरकवला. खाली बोंबलांचं गाठोडं फाटून पसरलेलं.

"अगो, सद्दामचा नाय, हा तुझ्या भावाचा गॅस!"

अब्बा फरशीवर बसून हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अम्मी आधी रागावली, मग तिलाही आवरेना. मी कधी अब्बांच्या मांडीवर जाऊन बसले, मला कळलंच नाही. हसतानाही त्यांनी चिकटपट्टीचं रीळ मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. तेही घाबरले होते तर! मला एकदम ते फार जवळचे वाटले.

धोका टळल्याचा सायरन झाला तरी आम्ही उठलो नाही. त्या वासातच बसून होतो.

"उद्या सकाळी विमान हाय," अब्बा हळूच म्हणाले.

"अब्बा, मला नाय जायचं. मला तुम्ही हवेत." अम्मीच्या कानात न सांगता मी थेट त्यांना बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

अम्मी म्हणाली, "ऐकलंत? आता तुम्हीच बघा."

त्याच संध्याकाळी अब्बा तिकिटं रद्द करून आले. त्यानंतरही सायरन वाजत राहिले, आम्ही आत-बाहेर करत राहिलो. मग एक दिवस ते थांबले. शाळा उघडली. पुढे धाकटा भाऊ झाला. त्याला मराठीत विचारलं की तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो.

गावच्या माणसांनो, तुम्ही फोनवर विचारता, "घरी कधी येताय?" सुट्टीत येतोच. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. इथे एकटा राहणारा आपला प्रत्येक माणूस आपल्या जागेला 'रूम' म्हणतो. अब्बाही इतकी वर्षं तेच म्हणायचे. सायरन थांबल्यावर दुकान उघडलं, त्या पहिल्या संध्याकाळी मी त्यांचा डबा परत न्यायला गेले होते. त्यांनी मशीनवर कापड टाकलं, शटर ओढलं, माझं बोट धरलं आणि म्हणाले, "चल गो, घरी जाऊ."