विमानाला पडाव

आमच्या बंदरात आगबोट किनाऱ्याला लागत नसे. लांब खोल पाण्यात उभी राहून भोंगा देई, आणि उतारूंना आणायला येसाजीकाका आपला पडाव घेऊन जाई. सारा जन्म त्यानं हेच केलं. बोर्ली पंचतनकडचा माणूस मुंबईला जावो नाहीतर आफ्रिकेला, परत येणार तो आपल्याच पडावातून, असं त्याचं ठाम मत. माणूस तिरसट, जीभ तिखट. पण अडलेल्याला त्यानं कधी ताटकळत ठेवलं नाही.

मी तेव्हा कराचीला होतो, विमानांत पेट्रोल भरायच्या कामावर. पस्तीस साल, माघाचा महिना. गावाहून तार आली: आय अत्यवस्थ, लगेच नीघ. बोटीनं नुसती मुंबई गाठायची तरी दोन-तीन दिवस हवेत. माझा पडलेला चेहरा बघून टपालाच्या विमानाचा वैमानिक म्हणाला, "पोत्यांवर बसशील?" देव त्याचं भलं करो. 'विमानानं येतोय' अशी तार मी गावी ठोकली आणि पोत्यांवर जाऊन बसलो.

कराची ते जुहू साडेपाचशे मैल. पहाटे उडालो, मध्ये अहमदाबादला उतरून पेट्रोल घेतलं, आणि दुपारी जुहूला टेकलो. एवढं अंतर एका दिवसाच्या आत, आणि पुढच्या पन्नास-साठ मैलांसाठी मात्र दुसऱ्या सकाळच्या आगबोटीची वाट बघायची. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आगबोट बंदरासमोर आली तेव्हा पुरती ओहोटी होती. ओहोटीला सगळे पडाव चिखलात बसतात. मग बोट उतारूंना घेऊन तशीच पुढं श्रीवर्धनला जाते, आणि तिथून पायी मागं यायचं. आयकडे तेवढा वेळ होता की नाही, कोण जाणे.

पण खोल पाण्यात एक पडाव नांगरलेला दिसला. आत येसाजीकाका बसलेला, मान वर करून आभाळाकडे बघत.

"काका, तुमी हितं कसं?"

"तुज्या इमानाची वाट बघतोय कालधरनं," तो चिडून म्हणाला. "आगबोट कदी काठाला लागत न्हाय, तं इमान कुटनं लागंल? त्ये बी खोल पान्यातच थांबनार. म्हनून वहटीच्या आदी पडाव भायेर काढला. आनि तू आलास आगबोटीतनं."

गाव त्याला हसलं होतं. तो मात्र सुकट-भाकर बांधून घेऊन आदल्या दिवसापासून पाण्यावर बसला होता. मला हसू यायला हवं होतं, पण मी त्याचे पाय धरले. "पुरं रं. आय वाट बघतीया," म्हणत त्यानं वल्हं हाती घेतलं. पडाव रुतला तिथून मांडीभर चिखल तुडवत त्यानं मला हाताला धरून काठावर नेलं.

आय जागी होती. मी चमच्यानं पाणी पाजलं, ते तिनं घेतलं.

"कवा निंगालास?"

"काल सकाळी कराचीत व्हतो, आये."

पुढं दुसऱ्या दिवशी ती गेली. येसाजीकाकाचे उपकार मी जन्मभर फेडले तरी फिटायचे नाहीत, कारण त्यानं मला ती एक संध्याकाळ दिली. सहा वर्षं आय मला साता समुद्रांपलीकडे समजून झुरत होती. त्या संध्याकाळी तिनं माझा हात छातीशी धरला आणि म्हणाली, "म्हंजे जवळच व्हतास की, बाळा."