टोपल्याखालचं पाऊल

हे पोलिसात होते. हैदराबादेहून चोरीच्या तपासाची तालीम घेऊन आले, तेव्हापासून आमच्या अंगणात मला मोकळं चालता येईना. ओल्या मातीत मला चालवायचे आणि पावलात प्लास्टर कालवून ओतायचे. माझं पाऊल पांढरं होऊन कोनाड्यात बसलेलं बघून मला कसंसंच व्हायचं.

अशातच आमच्या टेंभुर्णीत शेजारच्या व्यापाऱ्याकडं चोरी झाली. संशय त्यांच्या सालगड्यावर आला आणि त्याला चौकीत बसवलं. पण परसदारी डाव्या पायाचं एकच पाऊल उमटलं होतं, त्याला पाची बोटं होती. सालगड्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गाडीच्या चाकाखाली गेलेली. ठसा ह्यांचे वरचे अधिकारी अमीनसाहेब यांच्यासमोरच घ्यायचा हुकूम होता, म्हणून ह्यांनी पावलावर टोपलं पालथं घातलं.

सालगड्याची बायको सकाळपासून आमच्या दारात बसून होती. "भाभी, सुटंल ना वो?" एवढंच विचारायची. माझं कशात लक्ष लागेना.

अमीनसाहेब आले, तशी तिच्यामागोमाग मीही व्यापाऱ्याच्या परसदाराशी जाऊन उभी राहिले. ह्यांनी टोपलं उचललं. खाली ताजा सडा आणि वर रांगोळी.

"अब क्या रांगोळी का ठसा लोगे?" अमीनसाहेब म्हणाले. शिपाई हसले. हे म्हणाले, पाच बोटं मी पाहिलीत. "तुम्हारे सिवा किसने देखी?"

सडा घातला असणार व्यापाऱ्याच्या बायकोनं, पण ती पुरुषांसमोर येत नसे. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आत तिच्याकडं गेले.

"सायब घरी येऊन राह्यले, अन् परसदार बिनसड्याचं ठेवू का?" ती माझ्यावरच उखडली. "टोपलं उचललं, सडा घातला, बराबर जागेवर ठेवलं. माझं काय चुकलं?"

"काकी, पाऊल पाहिलं का तुम्ही?"

"पाहिलं की. चांगलं पसरट, पाच बोटांचं. चोराचं पाऊल दारात कोण ठेवतं? त्याच्यावरच पह्यला तांब्या वतला."

"बाहेर सांगता का?"

"मी न्हाई. तू सांग."

मी दाराआड उभी राहिले. काकींनी पाहिलं, असं पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, बाई," अमीनसाहेब म्हणाले.

"काकींनी पाहिलं. पाच बोटं होती." माझाच आवाज मला परका वाटला.

त्यांनी दाराआडून काकींना विचारलं. काकी आतूनच "हो" म्हणाल्या. मग सालगड्याला आणवलं आणि त्याचा पाय पुढं करायला लावला. अमीनसाहेबांनी वाकून बोटं मोजली, तीनच भरली.

"छोड दो इसे."

त्याची बायको तिथंच मटकन खाली बसली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण परसात सगळे पुरुष उभे होते. ते जाईपर्यंत मी दाराची कडी धरून तशीच उभी राहिले.