काका फिल्टर निवडतात

जगात आजवर जितक्या लोकांनी पाण्याचा विचार केला असेल, त्या सगळ्यांनी मिळूनही आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका केला नसेल. आखातातल्या, ऊद मेथा भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत कुटुंबं आली, पोरं वाढवून, सामान बांधून परतही गेली. काका चार वर्षं घरासाठी एक फिल्टर निवडत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर असे. कुणाकडेही गेले की समोर आलेल्या ग्लासात आधी मीटर बुडे, मग ओठ टेकत. एका गणपतीत त्यांनी तो तीर्थाच्या भांड्यात बुडवला आणि भटजींना गंभीरपणे सांगितलं, "गुरुजी, चारशेच्या वर गेलंय. पंचामृत जरा कमी करा."

फिल्टर विकायला येणाऱ्यांची तर ते सत्त्वपरीक्षाच पाहत. "हबीबी, ब्रोशर रहने दो. दाल पकाके दिखाओ." मग त्या मशीनच्या पाण्यात तुरीची डाळ कुकरला लागे आणि टाय लावलेला विक्रेता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून काकांबरोबर शिट्ट्या मोजे. एकाची डाळ कच्ची राहिली. दुसऱ्याची इतकी छान शिजली की काकांना संशय आला. "समुद्राचं पाणी इथे एकदा गोडं करूनच नळाला सोडतात. त्यातलं उरलंसुरलं यांची मशीन काढून घेणार. मग उरणार काय?"

"मी उरणार," काकू ताटात वरण वाढत म्हणाल्या. "यल्ला, जेवा आता."

तोवर प्यायचं पाणी मोठ्या बाटल्यांतून येई, माणसाच्या खांद्यावरून. आणणारा सखाराम मालवणकडचा, काकांच्या शेजारच्याच गावचा. लिफ्ट बंद असली, आणि ती बहुधा असेच, की तो चार जिने चढे. "काकानू, खंय ठेवू?" दारातून तो विचारी. चार वर्षं बाटली एकाच कोपऱ्यात जात होती, तरी दर मंगळवारी विचारी. ऑफिसात इंग्रजी आणि घरात काकूंच्या धाकानं शुद्ध पुणेरी बोलणारे काका मग एकदम सैल होत. "बस रे वायच. घराकडे काय म्हणतत?" काकू चहाचे दोन कप ठेवून आत जात.

मी अक्षरं गिरवली ती वडिलांनी आणलेल्या युनियनच्या पत्रकांवर. त्यामुळे एका मंगळवारी सखाराम मला जिन्यात दिसला, खांद्यावर बाटली, एक हात भिंतीला, धाप लागलेली, तेव्हा माझं डोकं तापलं. तो गेल्यावर मी तडक वर गेलो. "काका, तुमचा फिल्टर ठरेना, म्हणून एक माणूस एकोणीस लिटर घेऊन चार जिने चढतोय. तुमच्या चोखंदळपणाचं ओझं त्यानं का वाहायचं?"

वाक्य मला स्वतःलाच आवडलं होतं. काकांनी खिशातून मीटर काढला, पुसला, परत ठेवला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. आठवड्यात फिल्टर बसला. डाळ न शिजवता.

महिन्याभरानं काकू भेटल्या. "फिल्टर उत्तम आहे रे. पण मंगळवारी हे अजून दोन कप चहा टाकायला लावतात." सखारामची गाडी आता दुसऱ्या भागात जात होती. चार वर्षं एकही फिल्टर पसंत का पडला नाही, ते मला तेव्हा कळलं. मी माझं वाक्य मागे घेतलं नाही; जिन्यातली ती धाप खरी होती. पण दुसरा कपही खरा होता, आणि तो मला दिसलाच नव्हता.

रविवारी मी काकांना घेऊन मुहैस्नाहला गेलो, सखाराम राहायचा त्या कामगारांच्या कॅम्पच्या गेटवर. काकांनी फिरकीच्या तांब्यात फिल्टरचं पाणी घेतलं होतं. सखाराम आंघोळ करून, भांग पाडून बाहेर आला.

"घे. सांग कसां लागता."

त्यानं घोट तोंडात घोळवला, आभाळाकडे पाहिलं. "बरां आसा, काकानू. पण वायच हलकां लागता."

काकांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणतच होतो!" हे मला. मग त्याला, "फुडल्या आयतवारी दुसरां आणतंय."

काकूंनी फिल्टर बदलू दिला नाही. दर रविवारी तांब्यातून तेच पाणी जातं, सखाराम दर वेळी नवी खोट काढतो, काका गंभीरपणे मान डोलावतात. परवा परतताना मी हळूच म्हणालो, "काका, पाणी तर तेच आहे."

काका खिडकीबाहेर बघत होते. रिकामा तांब्या मांडीवर होता.

"तेकापण म्हायत आसा रे," ते म्हणाले. माझ्याशी मालवणीत बोलले ते पहिल्यांदाच.