लेसचा फ्रॉक

नातवाने मुंबईहून मोबाइलवर एक जुना फोटो पाठवला. विलायतेतल्या कुणा सरदाराचं पोर, अंगात पांढरा लेसचा फ्रॉक, खांद्यावर कुरळे केस. ‘आजोबा, हा मुलगा आहे! तिकडे मोठ्या घरच्या लहान मुलांना असंच नटवायचे,’ त्याने खाली लिहिलं होतं.

मला हसू आलं नाही. आमच्या कापडे गावच्या वरच्या वाडीत मीही फ्रॉकच घालायचो. माझ्याआधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. मुलगा आहे हे कळून कुणाची दृष्ट लागायला नको, म्हणून आईने माझं नाक टोचलं, वेणी घातली आणि मला ‘चिंगी’ म्हणू लागली.

शाळेत घालायच्या दिवशी बाबांनी वेणी कापून खाकी चड्डी चढवली. मी अंगणभर नाचलो. आई मात्र खोबरेलाच्या वासाचा तो फ्रॉक पोटाशी धरून पायरीवर बसली होती.

“आता सगल्यांना दिसशील रे,” एवढंच म्हणाली.

तेव्हा मला तिचा रागच आला होता.

आज वाडीतल्या बहुतेक घरांना कुलपं आहेत. सकाळपासून ओटीवर एकटाच बसलोय. नाकाचं भोक केव्हाच बुजलं.

कुणालाच दिसत नाय गो आये.