उलटी बाही

घरी आल्यावर साडीला चिकटलेले दोरे वेचत बसणं हे माझं दर मंगळवारचं काम. मुलींच्या सुधारगृहात मी शिवण शिकवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. आजचे दोरे हिरवे आहेत, पूजाच्या ब्लाउजचे.

पूजा सोळा वर्षांची, चोरीच्या गुन्ह्यात आलेली. या मुलींचा आत्मविश्वास वाढवा, असं मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हापासून मी "छान" म्हणत आले आहे. शिलाई सरळ असो की वाकडी, छान. थकलेल्या माणसाला हा शब्द फार सोयीचा पडतो. तो म्हणायला मान वर करावी लागत नाही.

आज पूजाने ब्लाउज पुढे धरला. मी म्हटलं, "छान झालाय गं."

"बाई, बाह्या उलट्या लावल्यात. डावी उजवीकडे," ती म्हणाली. "मुद्दाम. बघत होते, तुम्ही बघता का."

आधी मला राग आला, मग लाज वाटली. आजवर हिच्याकडे लोकांनी पाहिलं ते संशयाने. मी तर तेवढंही पाहिलं नव्हतं. एखाद्याची चूक काढायची म्हटली तरी तो माणूस आपल्या लेखी कुणीतरी असावा लागतो.

मी चष्मा लावला आणि ब्लाउज हातात घेतला. "बाह्या उसव. आणि गळ्यालाही चुण्या पडल्यात, तोही उसव."

"गळ्याचं मुद्दाम नव्हतं हं, बाई," म्हणत ती पहिल्यांदाच माझ्याजवळ सरकून बसली आणि उसवू लागली. दोरे माझ्या मांडीवर पडत राहिले.