बदली घर

व्यवहार ठरेपर्यंत मी समोरच्याच्या घरचा चहा पीत नाही. चहा पोटात गेला की माणूस नरम पडतो आणि मग कशालाही हो म्हणून बसतो. भंगाराच्या धंद्यात पहिल्याच वर्षी मी हे शिकलो. माझी बायको म्हणते, मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा तुम्ही कपाला हात लावला नव्हता. खरं आहे. तो काय लहान व्यवहार होता?

पण मंगळवेढ्याच्या रस्त्यावरच्या त्या चाळीत, पहिल्या नंबरच्या खोलीत, माझ्यापुढे सात वेळा चहा आला आणि साती वेळा त्यावर साय धरली.

सोलापूर मागे पडलं की रस्त्याच्या डाव्या हाताला ज्वारीच्या रानात ही सूतगिरणी उभी होती. बंद पडून पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. आत वेड्या बाभळी छपरापर्यंत वाढलेल्या, पत्रे गेलेले, यंत्रांच्या जागी नुसते बोल्ट वर आलेले. सरकारी लिलावात ती जागा मी घेतली तेव्हा माझ्या ओळखीतले सगळे बिल्डर हसले. एवढ्या लांब राहायला कोण जाणार, म्हणाले. ते हसले तेव्हाच मला कळलं की बोली योग्य लावली आहे.

लिलावाची एक अट होती. ठरलेल्या मुदतीत घरांचं काम सुरू झालं नाही तर जागा परत जाणार. आणि फाटकाला लागून, अगदी रस्त्यावर, कामगारांची जुनी चाळ होती. चौदा खोल्या, चौदा कुटुंबं. गिरणी बंद झाली तरी ती माणसं तिथेच राहिलेली. त्या चौदा जणांच्या सहीशिवाय आराखडा मंजूर होणार नव्हता. रस्त्याकडच्या इमारती आधी विकल्या जातात, म्हणून चाळ आधी पाडायची, तिथे पहिली इमारत उभी करायची, आणि चाळीतल्या प्रत्येकाला मागच्या बाजूला नवं घर द्यायचं, असा माझा बेत होता.

तेरा जणांनी सांगितलं, "पयल्या खोलीतलं म्हातारं सही करंल तर आमीबी करू."

पहिल्या खोलीतला म्हातारा म्हणजे जॉबर. खात्यात माणसं लावणाऱ्या मुकादमाला गिरणीत जॉबर म्हणत. मी त्याला चांगला ओळखत होतो, कारण याच गिरणीत मी सहा वर्षं बदली होतो.

बदली म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. कायम कामगाराने खाडा केला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता घ्यायचा माणूस म्हणजे बदली. रोज सकाळी पाळी लागायच्या आधी आम्ही तीस-चाळीस जण फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली उभे राहायचो. जॉबर वही घेऊन यायचा. ज्याला घ्यायचं त्याच्याकडे बोट करून म्हणायचा, "आत." उरलेल्यांकडे न बघता म्हणायचा, "उद्या." माझं पंचविशीतलं सगळं आयुष्य या दोन शब्दांवर चाललं. सहा वर्षांत त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए बदली," एवढंच.

ठराविक दिवस सलग भरले की बदलीला कायम करावं लागे. माझे दिवस भरत आले की जॉबर मला आठवडाभर "उद्या" म्हणायचा. मध्ये खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी त्याची कॉलर धरली. माझं बदली कार्ड तिथेच, सगळ्यांसमोर, फाडलं गेलं. मी सायकल घेतली आणि बंद पडलेल्या कारखान्यांची दारं-खिडक्या विकत घेऊन विकायला लागलो. पुढे दारं-खिडक्यांवरून भिंतींवर आलो. कुणी शिकवलं नाही, कुणी हात धरला नाही. हे मी सगळीकडे सांगतो, माझी मुलं वैतागतात, तरी सांगतो.

तर, करारावर सह्या घ्यायचा दिवस. चाळीच्या ओट्यावर सगळे जमलेले. जॉबर आता ऐंशीच्या घरातला, चष्म्याला दोरा बांधलेला. त्याने कागद हातात घेतला आणि जुन्या सवयीने मोठ्याने वाचायला लागला. "चाळीतील रहिवाशांना बांधकाम पूर्ण होईपर्यंत विकासकाकडून बदली घर देण्यात येईल."

तो थांबला. चष्मा खाली घेऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. "बदली घर."

मागून एक बाई म्हणाली, "म्हंजे रोज सकाळी दारात हुबं ऱ्हायचं, आन् ह्ये म्हननार, आज न्हाय, उद्या!"

सगळी चाळ हसली. माझं डोकं फिरलं. "अवो, बदली म्हंजे तात्पुरतं! कागदाची भाषा हाय ती."

"तात्पुरतं?" जॉबर शांतपणे म्हणाला. "सा वर्सं तू तात्पुरताच व्हतास की."

मी कागद हिसकावला, ओट्यावर भिरकावला आणि गाडीत जाऊन बसलो. तसाच सोलापुरात वकिलाच्या ऑफिसात शिरलो आणि उभ्या उभ्या त्यांना झाडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली. "साहेब, हा शब्द आम्ही नेहमीच वापरतो. आणि प्रत्येक पानावर तुमची सही आहे."

होती. ज्या शब्दाने माझी सहा वर्षं खाल्ली, तो शब्द मी न वाचता चौदा घरांच्या कपाळावर लिहिला होता. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर माफ केलं असतं. 

शब्द बदलून घेतला. 'पर्यायी निवास' घातलं. आठ दिवसांनी पुन्हा पहिल्या खोलीत जाऊन बसलो. जॉबरच्या बायकोने चहा ठेवला. मी हात लावला नाही.

"शबुद बदललास," जॉबर म्हणाला. "गोष्ट तीच हाय. आमी खोल्या सोडल्या आन् तू फाटक लावून घेतलंस, तर आमी कुनाच्या दारात हुबं ऱ्हावं?"

"माझ्या शब्दावर भरवसा न्हाय?"

"मी तुला देत व्हतो तेवडाच हाय."

त्याची अट तीन शब्दांची होती. "आदी बांध. मंग." म्हणजे चाळीला हात लावायचा नाही. त्यांची इमारत आधी उभी करायची, किल्ल्या हातात द्यायच्या, मग चाळ पाडायची. माझा सगळा आराखडा उलटा होत होता. रस्त्याकडची इमारत शेवटी, म्हणजे माझी विक्री शेवटी.

मी घासाघीस करणारा माणूस आहे. तळमजला देतो म्हणालो. खोली वाढवून देतो म्हणालो. दक्षिणेची खिडकी, पाण्याची वेगळी टाकी, देवघराचा कोनाडा, सगळं बोलून झालं. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "आदी बांध." दर खेपेला चहा यायचा आणि त्यावर साय धरायची. एकदा त्याची बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "घ्या की च्या. इख न्हाय घातलं."

"व्यवहार झाल्यावर घेतो, काकू."

"मंग च्या न्हाय, ताकच ठिवत जाते. तेवडंच टिकंल."

मुदत संपायला थोडे दिवस राहिले होते. सातव्या खेपेला माझा तोल गेला. घराचं सोडून मी तीस वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "मला तीन वेळा का काढलंत? नेमकं माझंच नाव का?"

जॉबरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "वरनं चिठ्ठी यायची. इतक्यांनाच कायम करा म्हनून. नावं मी काडायचो. तू हुश्शार व्हतास. भायेर गेलास तरी जगशील असं वाटलं."

माझ्या कपाळाची शीर उठली. त्याने माझं भलं केलं, असं त्याला म्हणायचं होतं! मी उठायला लागलो, तेवढ्यात चुलीपाशी बसलेली त्याची बायको म्हणाली, "खोटं बोलू नगा म्हातारपनी. माज्या भावाला लावायचा व्हता तुमास्नी."

"तू गप."

"काय म्हनून गप? मीच मागं लागले व्हते. त्यो कायम झाला, दोन सालात गिरनी बंद पडली, आन् आता त्योबी ऱ्हायला न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं? आता च्या घ्या."

जॉबर भिंतीकडे बघत होता. मी परत बसलो. मला आनंद झाला, दुःख झालं, असं काही लिहिणार नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्यात काहीतरी कमी होतं. कमी काहीच नव्हतं. मेव्हणा नव्हतो, एवढंच.

आणि त्याच वेळी हेही कळलं की म्हाताऱ्याची अट बरोबर आहे. "उद्या" म्हणणाऱ्या माणसाच्या हातात आपलं दार द्यायचं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयुष्यभर उद्या म्हणत आला होता. फाटकाबाहेर उभं राहणं काय असतं ते मला माहीत होतं. म्हणून मी म्हणालो, "आधी बांधतो." आणि सायीसकट तो गार चहा एका घोटात संपवला. जॉबरने सही केली. त्याला माफ केलं असा अर्थ कुणी काढू नये. मी फक्त व्यवहार केला.

चाळीची इमारत मागे, कापसाच्या जुन्या गोदामांच्या जागी बांधायचं ठरवलं. तिथे कुणी राहत नव्हतं, त्यामुळे मुदतीत काम सुरू करता येत होतं. इंजिनिअरने मात्र हात वर केले. सगळी काळी माती आहे, म्हणाला, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया फार खोल न्यावा लागेल.

"इथे कमरेइतकं खणलं की मुरूम लागतो," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

"गोदामामागची गटार खणायला बदली लावले होते. माझ्या कुदळीचा दांडा इथेच तुटला."

त्याने माझ्याकडे बघितलं तसं आजही कुणी बघितलं की मला आवडतं. दुसऱ्या दिवशी जेसीबी आणलं. कमरेइतक्या खोलीवर पिवळा मुरूम लागला. मी खड्ड्यात उतरलो, मूठभर मुरूम घेतला आणि इंजिनिअरच्या हातावर ठेवला. ज्या कामाचा मला एका दिवसाचाही मान मिळाला नव्हता, त्या कामावर माझी इथली पहिली इमारत उभी राहिली. हे लिहिताना माझी छाती फुगते, आणि ती का फुगू नये?

भिंतींना मी चाळीतल्याच माणसांकडून पाणी मारून घेतलं. आपलं घर म्हटल्यावर कुणी अंग चोरत नाही. गिरणीच्या छपरातलं सागवान निघालं ते विकलं नाही, चौदा घरांच्या चौकटी केल्या. गोदामाचा दगड पायऱ्यांना लावला. फाटकाजवळचं लिंबाचं झाड ठेवलं. लोकांना वाटतं सावलीसाठी ठेवलं. आता विकायची घरंही अर्ध्याच्या वर गेली आहेत. लांब म्हणून हसणाऱ्यांपैकी एकाने भाच्यासाठी चौकशी केली. त्याला मी एक पैसा सोडला नाही.

किल्ल्या द्यायच्या दिवशी यादी घेऊन मी मुद्दाम फाटकातच उभा राहिलो. चाळ बाहेर, लिंबाखाली. जॉबरचं नाव शेवटी घ्यायचं हे मी कधीपासून ठरवलं होतं. तेरा नावं झाली. तेरा कुटुंबं आत गेली. मी यादी उगाच खालीवर करत राहिलो.

धुतलेला सदरा, नवी टोपी घालून जॉबर झाडाखाली बायकोबरोबर उभा होता. बरोबर त्याच जागी, जिथे आम्ही उभे असायचो. त्याला सगळं कळत होतं. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "काय शेठ? आत का उद्या?"

आत गेलेले सगळे वळून बघायला लागले. तो शब्द माझ्या जिभेवर होता. तीस वर्षं मी तो सांभाळून ठेवला होता, आणि एका दिवसाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्याच्या बायकोने पिशवीतून स्टोव्ह बाहेर काढून दुसऱ्या हातात घेतला. ती सकाळपासून तो घेऊन उभी होती.

"आत," मी म्हणालो.

जॉबर हळूहळू चालत आला. किल्ली घेतली. दोन पावलं पुढे गेला, वळला, आणि माझं नाव घेतलं. पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, वहीतून हजेरी वाचावी तसं खणखणीत. मग म्हणाला, "च्या पिऊन जा."

म्हणजे वहीतलं माझं नाव त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि सहा वर्षं तो मला बदली म्हणत राहिला. माझं डोकं पुन्हा तापलं. दोन शब्द सुनावायचेच म्हणून मी त्याच्या मागोमाग नव्या घरात शिरलो. पण काकूंनी स्टोव्ह पेटवला होता, चहा कपात ओतला होता, आणि आता ठरायचं काही राहिलं नव्हतं. गरम होता, म्हणून आधी तो प्यालो.