वजानं भागताना

त्या दुपारी आम्ही नवराबायको ओट्यावर घेवडा निवडत होतो. मधे पाटी. शेंगेची शीर ओढता ओढता ती गणित घालायची आणि मी चुकायचो. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. पन्नाशी कधीच उलटलेल्या माणसाची परीक्षा... हसायचं त्यांनी हसावं. चिंचवड स्टेशनाजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मी यंत्रावर होतो. नवे इंजिनिअर आले आणि म्हणाले, ज्याला गणित मांडता येईल तोच यंत्रावर राहील, बाकीच्यांनी घरी बसावं. माझं शिक्षण चौथी, तीही रडतखडत. ही मोशीच्या मास्तरांची लेक, बापानं मुलांबरोबर बसवून बीजगणितापर्यंत शिकवलेली. तीन महिने तिनं मला शिकवलं, आणि शिव्या सोडून सगळं ऐकवलं.

माझं घोडं एकाच जागी अडायचं. बर्फाचे डबे टाकीतल्या मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात. ते पाणी चार अंशांवर आहे, तासाला दोन अंश उतरतं, तर वजा आठच्याही खाली जायला किती तास लागतील? वजा दोन क्ष हे वजा बारापेक्षा कमी, इथवर मी नीट यायचो. मग वजा दोननं भागायचो आणि कमी-जास्तच्या चिन्हाची चोच होती तशीच ठेवायचो. क्ष सहापेक्षा कमी.

"सहा तासांच्या आत?" ती म्हणाली. "मग डबे काढा आणि लोकांना पाणी विका."

खोटं कशाला बोलू, असे डबे मी एकदा घाईनं काढलेही होते. लाद्या बाहेरून घट्ट, पोटात पाणी.

मग ती उठली, मला रस्त्यावर घेऊन गेली. शेजारीपाजारी बघत होते. म्हणाली, दारातून स्टेशनाकडं तुम्ही पाच पावलं टाका, मी तीन टाकते. पुढं कोण? मी. आता दारातूनच उलट्या अंगाला, नदीकडं तेवढीच टाकू. मी पाच टाकली, तिनं तीन.

"आता स्टेशनाला जवळ कोण?"

"तू."

"वजा लागलं की असंच. पुढचा मागं जातो. म्हणून चोच फिरवायची."

जन्मभर माझ्या मागून चाललेली बाई... तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

चार वाजता चहा टाकायला चुलीपुढं बसली, ती उठलीच नाही. दिवे लागायच्या आत पवनेकाठी नेली.

सकाळी मी टोपी घातली तर मेव्हणा दारात आडवा. "दाजी, सुतकात परीक्षा? लोक तोंडात शेण घालतील." मी म्हटलं, घालू दे. इंजिनिअरसाहेबांना बातमी कळली होती. पुढच्या महिन्यात द्या म्हणाले.

"सायब, तवर न्हाई टिकायचं. काल शिकवलंय, आज डोक्यात हाय."

त्यांनी कागद दिला. आकडे निराळे होते, वजा तिथंच होतं. भागलं, चोच फिरवली. साहेबांनी दोनदा बघितलं. दिवस झाले की यंत्रावर या, म्हणाले. मग विचारलं, "बाबा, शिकवलं कुणी?"

लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर सगळा जन्म अगं, ए, ऐकलं का, यावर गेला.

"यमुना," मी म्हणालो.